सुट्टीतले आण्णा

तुळशीचं लग्न लागलं की हुपरीचा आवाज बदलतो. ठकठक बारा महिने असते, पण लग्नसराई जवळ आली की तिला घाई चढते. एका घरात चांदीची तार ओढायचं चाललेलं, शेजारच्या घरात पट्टी ठोकायचं, आणि प्रत्येक सोप्यावर, म्हणजे पुढच्या ओसरीवर, बायका ताटं पुढ्यात घेऊन पैंजणांना घुंगरं लावत बसलेल्या. मी लग्न होऊन कोल्हापूरला गेले त्याला पुष्कळ वर्षं झाली, पण एसटीतून उतरून गल्लीत वळले की अजूनही आधी कान घरी पोचतात आणि मग मी. यंदा दादाच्या, म्हणजे माझ्या भावाच्या मुलीचं लग्न आहे. त्यासाठी चार दिवस आधीच गेले, सोप्यावर आईशेजारी टेकले, आणि ताटातून घुंगरू उचलता उचलता मला ती एक लग्नसराई आठवली. आण्णांना सुट्टी मिळाली होती ती.

सुट्टी हा शब्द आण्णांचाच. डॉक्टरांनी त्याला काहीतरी वेगळं नाव सांगितलं होतं, ते आमच्या कुणाच्याच लक्षात राहिलं नाही. माझ्या वडलांना प्रोस्टेटचा कॅन्सर होता. गावात आम्ही लघवीची तक्रार एवढंच सांगायचो, कारण तो आजार कुठल्या जागी आहे हे चारचौघांत बोलायची सोय नव्हती. उपचार म्हणजे दर तीन महिन्यांनी कोल्हापुरात येऊन घ्यायचं एक इंजेक्शन. पुरुषाच्या अंगात जे हार्मोन असतं त्यावर ही गाठ पोसते, इंजेक्शननं ते हार्मोनच बंद करायचं म्हणजे गाठ उपाशी पडते, असं डॉक्टरांनी मला समोर बसवून सांगितलं. आण्णा बाजूच्याच खुर्चीवर होते आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत होते. एक छोटं ऑपरेशन करून हे काम कायमचंही करता येतं म्हटल्यावर मात्र ते खुर्चीतून उठलेच. सुई चालेल, कापाकापी न्हाई, एवढं बोलून बाहेर जाऊन उभे राहिले.

दीड-पावणेदोन वर्षं इंजेक्शनं झाली. रक्तातला तो आकडा, ज्यावर आमच्या घरातले सगळं हसू-रडू अवलंबून होतं, अगदी तळाला आला. मग एका दिवाळीनंतर डॉक्टर म्हणाले की आता काही महिने थांबू या. या औषधानं हाडं ठिसूळ होतात, ताकद जाते, शरीराला जरा उसंत मिळेल. मधूनमधून रक्त तपासत राहू, आकडा वर सरकला की पुन्हा सुरू करू. आण्णांनी हात जोडले आणि म्हणाले, "म्हंजे सुट्टी दिली म्हना की." डॉक्टर हसले, मी हसले. त्या क्षणी त्या खोलीत तरी सगळे आनंदातच होतो.

आता त्या सुट्टीची आठवण आली की मला हळहळ वाटते. ती बोलून दाखवावी असं माणूस उरलेलं नाही. आई आहे, पण तिच्याजवळ तर मुळीच नाही.

आमचं घर म्हणजे पुढं सोपा, मधे उंबरा आणि आत भट्टीची खोली. सोपा बायकांचा, भट्टी पुरुषांची. असा काही नियम कुणी लिहून ठेवलेला नव्हता, पण मी मोठी होईपर्यंत तो मोडलेला कधी पाहिला नाही. आत चांदी आटवायची, तार काढायची, कड्या जोडून डाग द्यायचा, म्हणजे सांधा झाळायचा. बाहेर बायकांनी कडीत घुंगरू अडकवायचं आणि चिमट्यानं कडी दाबून बंद करायची. आण्णा सोप्यावरून फक्त ये-जा करायचे. त्यांचा आवाज असा की बाहेरगावचा व्यापारी आमचं घर शोधताना पाटी वाचत बसायचा नाही. ते आले की बायकांचे पदर डोक्यावर जायचे आणि गप्पा असतील तिथं थांबायच्या. दुष्ट नव्हते. कुणाच्या घरी अडचण असली तर सगळ्यांआधी आण्णा जाऊन उभे राहायचे, पण तिथंही ओरडतच. आईशी त्यांचं बोलणं म्हणजे च्या, पाणी, आलो, जातो. ती मात्र त्यांच्या पावलांवरून त्यांचा राग ओळखायची आणि त्याप्रमाणं आम्हाला घरात ठेवायची किंवा बाहेर पिटाळायची.

इंजेक्शनं सुरू झाल्यावर महिन्याभरात आण्णांच्या अंगातून वाफा यायला लागल्या. बसल्या जागी कान, मान, छाती लालभडक व्हायची, बनियन घामानं चिंब, आणि थोड्या वेळानं अंगावर थंडीचा काटा. असा माणूस भट्टीपाशी कसा बसणार? हातात तापलेली मूस धरलेली असताना एकदा अशी वाफ आली, आणि दादानं वेळेवर सांडशी धरली म्हणून निभावलं. त्यानंतर दादानंच त्यांना सांगितलं की आण्णा, तुम्ही आता आत येऊ नका. काही दिवस ते परसातल्या लिंबाखाली नुसते बसून राहिले. कट्ट्यावर जाणं त्यांनी आधीच सोडलं होतं. हातापायांवरचे केस विरळ झाले होते, छाती हुळहुळायची, सैल सदरा घालूनही त्यांना आपल्याकडं कुणी बघू नये असं वाटायचं. मग एका सकाळी, काम तुंबलेलं असताना, ते सोप्यावर आले, आईच्या शेजारी भिंतीला टेकले आणि म्हणाले, "दे हिकडं एक ताट."

त्या दिवशी निम्मी सकाळ सोप्यावर कुणी तोंड उघडलं नाही. शेजारच्या शालनकाकू, ज्या आमच्याकडं मी शाळेत असल्यापासून घुंगरं लावायच्या, त्यासुद्धा मान खाली घालून बसल्या. आण्णांची बोटं जाड, चिमट्यात कडी सापडेना. जेवणवेळेपर्यंत त्यांचं एक पैंजणही पुरं झालं नाही. शेवटी काकूंना राहवेना, त्यांनी पदर सावरत कडी कशी धरायची ते दाखवलं. आण्णा म्हणाले की हे काम सोपं दिसतंय पण लई चिकट हाय. कुणीतरी फिसकन हसलं, आणि तिथून सोपा पुन्हा बोलायला लागला.

इंजेक्शनांनी आण्णांचं काय काय जाईल ते डॉक्टरांनी मला सांगितलं होतं. काय येईल ते त्यांना तरी कुठं माहीत असणार? आण्णा ऐकायला लागले. कुणाच्या मुलीला सासरी जाच आहे, कुणाच्या नवऱ्यानं पुन्हा बाटली धरली, कुणाच्या म्हशीनं दूध चोरलं, सगळं. ऐकता ऐकता त्यांचे डोळे भरायचे आणि ते कुणापासून लपवायचेही नाहीत. मी कोल्हापुरात शाळेत शिकवायचे, शनिवारी शाळा सुटली की एसटी धरून यायचे आणि पायरीवरूनच त्यांचा हसण्याचा आवाज ऐकायचे. एकदा शालनकाकू म्हणाल्या, "आण्णा, औंदा तुमास्नी बी हळदीकुकवाला बोलवाय पायजे." वर्षभरापूर्वी असं कुणी बोललं असतं तर ताट गल्लीत गेलं असतं. आण्णा इतके हसले की त्यांना ठसका लागला, आणि आई पाणी आणायला धावली.

पण मला सगळ्यात जास्त आठवतो तो उन्हाळा. शाळेला सुट्टी लागली होती आणि मी माहेरी होते. सोप्यावर ऊन उतरलं होतं. आण्णांना वाफ आली, त्यांनी चिमटा खाली ठेवला, मानेवरचा घाम पुसला, आणि एकदम आईकडं वळून विचारलं, "तुला बी असंच हुयाचं काय गं?"

आईला कळायला थोडा वेळ लागला. मला लगेच कळलं. मी कॉलेजात होते तेव्हा आईची पाळी गेली होती. भाकरी थापता थापता ती उठायची, रांजणापाशी जाऊन तोंडावर पाणी मारायची, कधी ओला पदर मानेवर ठेवून तशीच उभी राहायची. आण्णा भट्टीतून बाहेर आले की ओरडायचे, नाटकं पुरे झाली, भाकरी करपाय लागल्या. ती पुन्हा चुलीपुढं बसायची.

"व्हय की," आई म्हणाली. "असंच."

"किती दिस?"

"चार-पाच वरसं."

आण्णांनी पुढ्यातलं ताट बाजूला सारलं. मग म्हणाले, "आनि मी तुला नाटकं म्हनलो."

सोप्यावरच्या बायका आपापल्या ताटात बघत होत्या. आण्णा रडत होते. आई उठली, आत गेली आणि विणलेला पंखा घेऊन आली. नंतर सगळा उन्हाळा तो पंखा दोघांच्या मधे असायचा, आणि कोण कुणाला वारा घालतंय हे दोघांनाही कळत नसावं. लग्नाला चाळीस-पंचेचाळीस वर्षं झाल्यावर माझ्या आईला बोलणारा नवरा मिळाला होता. एका आजारानं तो आणून दिला होता, हे मात्र त्या वेळी आमच्यापैकी कुणाच्या तोंडी आलं नाही.

परवा दादाच्या मुलीनं नवं पैंजण पायात घालून पाहिलं आणि म्हणाली की आत्या, घुंगरं काढून टाका, ऑफिसात आवाज होतो. आई तिच्याकडं अशी बघत राहिली जणू पोरीनं मीठ न घातलेली आमटी मागितली. मग पुटपुटली, आवाज नको तर पैंजण कशाला. मला हसू आलं. हीच बाई, जिच्या पायातल्या आवाजाची तिच्या नवऱ्यानं कधी दखल घेतली नव्हती.

तर सुट्टी मिळाली. त्या संध्याकाळी आईनं सोप्यावर पेढे वाटले. कुणालाही नीट समजावून सांगायच्या भानगडीत आम्ही पडलो नाही, आण्णा बरे झाले असंच गावानं धरलं आणि आम्हीही धरू दिलं. सुरुवातीला काहीच बदललं नाही. इंजेक्शनचा अंमल हळूहळू उतरतो, तसा तो उतरला. आधी वाफा कमी झाल्या. संक्रांतीच्या सुमाराला न्हावी पुन्हा आठवड्याला दाढी करायला यायला लागला. जेवण वाढलं, तांबडा रस्सा दोनदा मागून घ्यायला लागले. चालताना पाय ओढायचे ते थांबलं. आण्णा सकाळी उठून रानाकडं चक्कर मारून यायचे आणि कट्ट्यावरही टेकायचे. एक दिवस मी आले तर सोप्यावर त्यांची जागा रिकामी होती. आतून हातोड्याचा आवाज येत होता, दादाचा नव्हता.

मी उंब्र्यात उभी राहून पाहिलं आणि खोटं कशाला सांगू, मला अभिमान वाटला. भट्टीच्या उजेडात ते उघड्या अंगानं बसले होते. एका हातात सांडशी, चेहरा घट्ट, नजर चांदीवर. दोन वर्षं वितळत चाललेला माणूस पुन्हा घडून बसला होता. त्यांनी मला पाहिलं आणि मोठ्यानं म्हणाले, आलीस व्हय, बस, च्या घे. मी मागं वळले तर आई सोप्यावरून माझ्याकडं बघत होती. मी तिला खूण केली, बघितलंस का. तिनं मान हलवली. तिच्या तोंडावर आनंद होता की नाही हे मला आठवत नाही, मी तो गृहीतच धरला असणार.

लग्नसराई ऐन भरात होती. आतली घाई बाहेर आली, आणि तिच्याबरोबर आण्णांचा जुना आवाजही. सोप्यावरचे पदर एकेक करून पुन्हा डोक्यावर गेले. शालनकाकू बोलता बोलता थांबायच्या, उंब्र्याकडं बघायच्या आणि उरलेलं वाक्य गिळायच्या. विणलेला पंखा खुंटीला गेला. आण्णा आईला पुन्हा च्या आणि पाणी सांगायला लागले. कुणी म्हणेल, यात काय मोठं? काहीच नाही. घर पूर्वीसारखं झालं होतं, एवढंच.

फाल्गुनातली गोष्ट. एका व्यापाऱ्याचा माल दुपारी जायचा होता. आण्णांनी सोप्यावर येऊन एक पैंजण उचललं, झटकलं, आणि दोन घुंगरं गळून पडली. कड्या नीट दाबल्या नव्हत्या. काम शालनकाकूंचं होतं, त्यांची नजर अधू व्हायला लागली होती आणि हे आण्णांनाही ठाऊक होतं, कारण त्यांच्या कड्या वर्षभर तेच गुपचूप पुन्हा दाबून द्यायचे. पण त्या दुपारी त्यांनी ताटच उडवलं. शेकडो घुंगरं सोप्यावर, पायऱ्यांवर, गटारापर्यंत गेली. ते सांडताना इतका गोड आवाज झाला की मला त्याचाच राग आला. काकू वाकून गोळा करायला लागल्या. आण्णा उभे होते. मग मी पाहिलं, ते किंचित वाकले. हात खाली गेला होता. तेवढ्यात आतून दादानं हाक मारली, चांदी तयार हाय म्हणून, आणि आण्णा ताठ झाले आणि आत गेले. शालनकाकूंनी त्या दिवसापासून आमचं काम सोडलं. फरशीच्या भेगांतून अजून एखादं घुंगरू निघतं.

चैत्रात यात्रेची गर्दी ओसरल्यावर आई मला घेऊन जोतिबाला गेली. शालनकाकू कामाला येत नव्हत्या तरी आईशी बोलायच्या, त्यांनीच सांगितलं होतं की मागून घे, सुई पुन्हा लागू नये म्हणून. आईनं गुलाल-खोबरं वाहिलं, हात जोडले, बराच वेळ डोळे मिटून उभी राहिली. मागचे लोक चांगभलं म्हणत पुढं सरकत होते. बाहेर येऊन आम्ही रसाच्या गाड्यापाशी बसलो. तिच्या केसांत गुलाल होता. मी विचारलं, मागितलंस का.

"हात जोडलं, डोळं मिटलं," ती म्हणाली. "पर तोंडातनं निघंना."

"का?"

"सुई नगं म्हनलं तर सोप्यावरचं आण्णा बी नगंच की."

मला राग आला. मी तिला म्हणाले की आई, तो आजार आहे, तू काय बोलतेस तुला कळतंय का. शिक्षिकेच्या आवाजात बोलले, चौथीच्या वर्गाशी बोलावं तशी. ती रसाचा पेला दोन्ही हातांत धरून बसली होती. म्हणाली की कळतंय, म्हणून तर काहीच मागितलं नाही, हेही नाही आणि तेही नाही. मग पेला तसाच ठेवून उठली.

पुढच्याच तपासणीत आकडा वर सरकला होता.

डॉक्टरांच्या दृष्टीनं यात नवल काही नव्हतं, हे होणारच होतं आणि त्यासाठीच तपासायचं होतं. ते म्हणाले, सुट्टी संपली, आजच इंजेक्शन घेऊन टाका. आण्णा म्हणाले, "सराई उरकू दे." मी तिथंच वाद घातला. स्टँडवर घातला. नंतर रोज मधल्या सुट्टीत शाळेसमोरच्या बूथवरून फोन करून घातला. आण्णा ऐकून घ्यायचे आणि सराईनंतर बघू म्हणून फोन दादाकडं द्यायचे. दादा मधे अडकला होता. त्यालाही आण्णा भट्टीवर हवे होते, एवढं काम एकट्यानं ओढवत नव्हतं. राहिली आई. गेल्या दोन वर्षांत आण्णा कुणाचं ऐकत असतील तर तिचं. मी रविवारी गेले आणि तिला परसात गाठून म्हणाले की तू सांग, तुझं ऐकतील.

"मी कुठल्या तोंडानं सांगू?" ती म्हणाली. "सुई घ्या म्हनायचं ते त्येंच्यासाठी हाय का माज्यासाठी, ह्येच माजं मला कळंना झालंय."

तिला वाटत होतं की आपण मागितलं नाही म्हणून आकडा वाढला. आणि आता इंजेक्शन घ्या म्हटलं तर ते आपल्या स्वार्थाचं बोलणं होईल. एवढी साधी, सरळ बाई, आयुष्यात स्वतःसाठी काही मागायची सवय नसलेली. तिच्या मनात एकदाच एक इच्छा आली, तिची तिला इतकी लाज वाटली की नवऱ्याच्या भल्याचा शब्दही तिच्या तोंडून फुटला नाही. मी तिला खूप समजावलं. ती नुसती लिंबाखालचा पाला गोळा करत राहिली.

वैशाख गेला, ज्येष्ठ गेला. आण्णा घण घातल्यासारखं काम करत होते. पाठीत कळ येते म्हणायला लागले तेव्हा सगळ्यांनी धरलं की वय झालं, एवढं बसणं सोसत नाही. शालनकाकूंनी शेकायला वाळूची पुरचुंडी पाठवली. आषाढात शेवटी मीच रजा काढून त्यांना कोल्हापूरला आणलं. आजार हाडात उतरला होता. मी डॉक्टरांना एकटं गाठून विचारलं की तेव्हाच इंजेक्शन घेतलं असतं तर. ते म्हणाले, सांगता येत नाही, कदाचित एवढा फरक पडलाही नसता. त्यांना माझी दया आली असावी. मी हे घरी येऊन आईला सांगितलं, 'सांगता येत नाही' आणि 'कदाचित' गाळून.

इंजेक्शनं पुन्हा सुरू झाली. आणि मी, आईवर रागावलेली मी, मनातल्या मनात सोप्यावरच्या आण्णांची वाट बघायला लागले. ते आले नाहीत. वाफा आल्या, घाम आला, केस विरळ झाले, पण तो हसणारा, रडणारा, कड्या दाबून देणारा माणूस काही परतला नाही. दुखणं होतं, थकवा होता, भिंतीकडं तोंड करून पडणं होतं. मी पुष्कळदा विचार करते की यातले खरे आण्णा कोणते. भट्टीवरचे म्हणावेत तर सोप्यावरचे औषधाचे होतात, आणि माणसाचा एवढा चांगुलपणा निव्वळ औषधाचा असेल असं मला मानवत नाही. औषधानं भट्टी विझवली असेल. पण उठून सोप्यावर येऊन ताट मागितलं ते आण्णांनीच.

शेवटच्या वर्षी त्यांनी आपली कॉट सोप्यावर घ्यायला लावली. बायका कामाला होत्याच, नव्या, तरुण. समोर आजारी माणूस, त्यात मालक, त्या बिचाऱ्या चिडीचूप काम करायच्या. आण्णा मधेच डोळे उघडून म्हणायचे, "बोला की. गप का बसलायसा?" मग एखादी काहीतरी पावसापाण्याचं बोलायची आणि पुन्हा शांतता.

तिथंच एकदा, आई बाजाराला गेलेली असताना, ते माझ्याशी बोलले. मी पाय चेपत होते. म्हणाले की मी आलो की बायका गप व्हायच्या, ते मला कळत होतं, ताट उडवलं ते तर उडवतानाच कळत होतं. पण अंगात बळ आलं की भट्टी बोलवायची. मग आई येते का ते दाराकडं पाहिलं. म्हणाले, "तुज्या आईनं एकदा जरी म्हनलं असतं न्हवं, की सोप्यावर या, तर म्या दुसऱ्या दिवशी सुई टोचून घेतली असती. पर ती काय बोलली न्हाई. मला वाटलं, तिला भट्टीवरचाच बरा वाटतोय. नवरा म्हनून."

मी पाय चेपत राहिले. दुसरं काय करणार होते?

आण्णांना जाऊन आता तीन लग्नसराया झाल्या. आई अजून घुंगरं लावते, डोळ्यांना झेपत नाही तरी. यंदा शालनकाकूही येऊन बसल्या आहेत, लग्नघर म्हणून. दोघी एकमेकींच्या कड्या तपासतात आणि दोघींनाही दिसत नाही. आत भट्टीवर दादा आहे, त्याचा आवाज आण्णांसारखाच चढायला लागला आहे, आणि बायकांचे पदर डोक्यावर आहेत. खुंटीवरचा पंखा आईनं काढून मांडीवर घेतला होता. थंडीच्या दिवसांत पंखा कशाला, असं तिला कुणी विचारलं नाही.

काकू घरी गेल्या, सोप्यावर आम्ही दोघीच राहिलो. दरवर्षी या दिवसांत एकदा तरी ती विचारते ते तिनं विचारलं, ताटातून मान वर न करता.

"सुमे, तवा मी सांगिटलं असतं, तर ऐकलं असतं काय गं त्येनी?"

"न्हाई गं आई," मी म्हणाले. "आण्णांनी कवा कुनाचं ऐकलंय?"

"व्हय, त्ये बी खरंच," ती म्हणाली, आणि तिनं पुढचं घुंगरू उचललं.